दोन सह्यांचे घर

२०२२ च्या जानेवारीत आम्ही कोथरूडमधील एक सदनिका पाहायला गेलो, तेव्हा दलालाने आम्हाला एवढेच सांगितले होते की मालकांना घर लवकर विकायचे आहे आणि कागदपत्रे स्वच्छ आहेत. कागदपत्रे खरोखरच स्वच्छ होती. त्यांवर पती आणि पत्नी अशी दोघांची नावे होती, आणि ते दोघे दीड वर्षापासून वेगळे राहत आहेत हे मात्र आम्हाला दारातच कळले. दार बाईंनी उघडले. गृहस्थ आमच्या मागोमाग जिना चढून आले आणि स्वतःच्याच घराच्या पायपुसण्यावर उभे राहून दलालाला म्हणाले, "मी आत येऊ का, विचारा त्यांना." दलालाने विचारले. बाईंनी मान हलवली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

अकरा वर्षे कर्वेनगरमध्ये भाड्याने राहून आम्ही घर शोधत होतो, त्यामुळे घर पाहण्याची नजर थोडीफार तयार झाली होती. दुसरा मजला, दोन शयनगृहे, पश्चिमेकडे रुंद गॅलरी आणि त्या गॅलरीत छताच्या चार कड्यांना टांगलेला शिसवी झोपाळा. घर आम्हाला दहा मिनिटांत आवडले, हे मी लपवणार नाही. परंतु त्या दहा मिनिटांत आम्ही हेही पाहिले की गृहस्थ किंमत ९२ लाख सांगत होते आणि बाई आतूनच, दलालाला उद्देशून, ९७ लाख म्हणत होत्या. गृहस्थांना मार्चअखेर व्यवहार संपवायचा होता. बाईंचे म्हणणे असे होते की मुलीची दहावीची परीक्षा होईपर्यंत घरातली एक वस्तूसुद्धा हलणार नाही. त्या वर्षी दहावीची परीक्षा १५ मार्चपासून ४ एप्रिलपर्यंत होती, आणि दोन वर्षांच्या महासाथीनंतर मुले पहिल्यांदाच प्रत्यक्ष केंद्रात बसून पेपर देणार होती. मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे बाईंची ही अट मला पहिल्या क्षणापासून पटली. गृहस्थांचीही निकड खोटी नव्हती, कारण ते वाकडला भाडे भरत होते आणि या घराचा कर्जहप्ताही त्यांच्याच खात्यातून जात होता.

दुसऱ्याच दिवशी गृहस्थांचा मला स्वतंत्रपणे फोन आला. "माझा अर्धा हिस्सा तुम्ही घ्या, ताई. मी उद्या सही करतो. त्यांच्याशी तुमचं तुम्ही नंतर बघा." किंमतही त्यांनी बरीच उतरवून सांगितली होती. आम्ही तो प्रस्ताव घेऊन आमच्या वकीलबाईंकडे गेलो, आणि तेथे मिळालेला तासाभराचा सल्ला पुढच्या आठ महिन्यांत आम्हाला पावलोपावली उपयोगी पडला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४४ नुसार सहमालकाला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, हे त्यांनी सुरुवातीलाच मान्य केले. मग त्यांनी विचारले की तो अर्धा हिस्सा म्हणजे नेमकी कोणती खोली, हे तुम्हाला कोण दाखवणार आहे. असा हिस्सा घेणारा माणूस त्या बाईंचा सहमालक होतो. त्याला ताबा हवा असेल तर वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि दोन शयनगृहांची सदनिका कापून वाटता येत नसल्यामुळे न्यायालय अखेरीस ती विकून पैसे वाटण्याकडेच वळते. त्यात किती वर्षे जातील हे कोणीही सांगू शकत नाही, आणि अशा अर्ध्या हिश्श्यावर आमची बँक कर्ज देणार नव्हती ते वेगळेच. "दोन सह्या मिळाल्या तर घर मिळालं. एकच मिळाली तर तुम्ही भांडण विकत घेतलंत," असे त्या म्हणाल्या.

त्यानंतर वकीलबाईंनी आम्हाला दोन नियम घालून दिले. पहिला असा की पैसे, मग ते विसाराचे का असेनात, दोघांच्या नावे वेगवेगळ्या धनादेशांनीच द्यायचे आणि दोघांनी एकाच कागदावर सही केल्याखेरीज एक रुपयाही द्यायचा नाही. दुसरा नियम मला त्या वेळी किरकोळ वाटला होता: एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवायचा नाही. हा नियम मी फेब्रुवारीत एकदा मोडला. बाईंनी मला फोनवर सांगितले की जूनपर्यंत ताबा मागितला नाही तर त्या ९४ लाखांना तयार होतील. मला वाटले, ही तर दोघांच्याही सोयीची गोष्ट आहे, आणि मी ती सरळ गृहस्थांना कळवली. त्यांचा आवाज एकदम बदलला. "म्हणजे तुमचं आणि त्यांचं आधीच ठरलंय." आम्ही बाईंच्या बाजूचे आहोत असा त्यांचा समज झाला आणि पुढे तीन आठवडे त्यांनी आमचा फोन घेतला नाही. बोलणे चांगल्या मनाने केले असले तरी ते माझे नव्हते, आणि ते मी त्यांच्या संसाराच्या मधोमध नेऊन ठेवले होते. त्यानंतर किमतीपासून किल्लीपर्यंत प्रत्येक गोष्ट आम्ही दोघांना एकाच पत्राने, एकाच दिवशी, एकाच शब्दांत कळवू लागलो. ते पत्र वकीलबाईंकडून जाई आणि दोघांच्या वकिलांना पोहोचे.

तोपर्यंत वकीलबाईंनी तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला होता आणि न्यायालयांच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावांनी प्रलंबित प्रकरणेही तपासली होती. या दुसऱ्या तपासणीत आम्हाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट समजली. परस्परसंमतीने घटस्फोट मागणारा अर्ज त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल केला होता, परंतु घराच्या वाटणीचा मुद्दा त्यात ठरलेला नव्हता. शिवाय गृहस्थांनी परस्पर घर विकू नये म्हणून मनाई मागणारा बाईंचा एक अर्जही त्याच न्यायालयात पडून होता. दावा चालू असताना घेतलेली मालमत्ता त्या दाव्याच्या निकालाला बांधली जाते, आणि खरेदीदार आपल्याला काही माहीत नव्हते असे सांगून सुटू शकत नाही. महाराष्ट्रात अशा दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवण्याची तरतूद आहे, पण नोंद सापडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये असे वकीलबाईंचे मत होते. त्यांनी पक्षकारांच्या नावांनी शोध घेतला म्हणूनच हा अर्ज आमच्या हाती लागला.

वाटणीचा वाद ऐकायला सोपा होता. घर २०१० मध्ये ३८ लाखांना घेतले होते. सुरुवातीचे नऊ लाख बाईंच्या वडिलांनी दिले होते, आणि हप्ते बारा वर्षे गृहस्थांच्या पगारातून गेले होते. गृहस्थांना सत्तर टक्के हवे होते. बाईंचे म्हणणे असे की हप्ते त्यांच्या पगारातून जात होते तेव्हा घरखर्च, मुलीची शाळा आणि सासूबाईंचे आजारपण माझ्या पगारातून चालले होते, आणि त्या खर्चाच्या पावत्या कोणी जपून ठेवत नाही. कायदा येथे असे सांगतो की दोघांनी मोबदला देऊन घेतलेल्या मालमत्तेत कोणी किती पैसे घातले याचा पुरावा असेल तर हिस्सा त्या प्रमाणात, आणि पुरावा नसेल तर हिस्से समान मानावेत. मला मात्र पावत्या नसलेल्या खर्चाचे ते वाक्य फार लागले. कोणाचे म्हणणे किती खरे याचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हते आणि आम्ही तो केला नाही. परंतु त्यांचे प्रमाण ठरून लिहिले गेल्याशिवाय आम्हाला धनादेश लिहिता येत नव्हते, आणि उद्गम करकपातही, म्हणजे विक्रेत्याला पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा करही, ज्याच्या त्याच्या हिश्श्यावर करायची असल्यामुळे ते प्रमाण आमच्याही गळ्याशी आले होते.

या काळात विसारपावती तरी झाली का, असे पुष्कळांनी विचारले. ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. किंमत ९४ लाख, विसार प्रत्येकी एक लाख, आणि त्यात एक अट अशी की दोघांच्या संमती अटींमध्ये, म्हणजे घटस्फोटासाठी आपसांत ठरवून न्यायालयात द्यायच्या अटींमध्ये, या विक्रीचा स्पष्ट उल्लेख होऊन न्यायालयाचा आदेश होईपर्यंत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, होणार नाही. सहा महिन्यांत तसा आदेश झाला नाही तर विसार परत मिळेल. दोघांनी त्या कागदावर दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या वकिलांच्या कार्यालयांत सह्या केल्या. गृहस्थांनी आपल्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देण्याची तयारी दाखवली होती, म्हणजे पुढे त्यांना यावेच लागले नसते. वकीलबाईंनी ते नाकारले. मुखत्यारपत्र रद्द करता येते, आणि रागाच्या भरात ते रद्द झाले तर आम्हाला ते कळणारसुद्धा नाही, असे त्यांचे कारण होते.

उशिराची किंमत आम्ही मोजत होतो, आणि ती लिहून ठेवण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार पुन्हा सुरू झाला. घर माझ्या एकटीच्या नावे घ्यायचे ठरले होते, कारण महिला खरेदीदाराला एक टक्का सवलत मिळते. त्या वेळी अशी सदनिका पंधरा वर्षे पुरुष खरेदीदाराला विकता येणार नाही अशी अट होती, ती शासनाने २०२३ मध्ये काढून टाकली. मार्चअखेर साठेखत झाले असते तर ९४ लाखांवर पाच टक्क्यांनी ४ लाख ७० हजार भरावे लागले असते. प्रत्यक्षात आम्ही सहा टक्क्यांनी ५ लाख ६४ हजार भरले, आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार वेगळे. त्यातच ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० केला, ८ जूनला ४.९० आणि ५ ऑगस्टला ५.४०. आमचे ६५ लाखांचे कर्ज रेपो दराशी जोडलेले होते. वीस वर्षांच्या मुदतीचा हप्ता जानेवारीत सुमारे ४९ हजार ६०० सांगितला होता, तो कर्ज हाती येईपर्यंत ५५ हजारांच्या पुढे गेला. जूनमध्ये माझ्या यजमानांनी एकदा रात्री वहीत हे सारे आकडे मांडले आणि दुसरे घर पाहू या का, असे विचारले. आम्ही खरोखरच दोन घरे पाहिली. दोन्ही लहान होती आणि दोन्ही महाग होती, हे एक कारण. पण दहावीची परीक्षा संपेपर्यंत आम्ही थांबतो, असे मी त्या बाईंना म्हटले होते आणि त्यांनी त्या भरवशावर मुलीला काही सांगितले होते, हे माझ्यापुरते मोठे कारण होते.

मध्यंतरी वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीवर एक हरकतही आली. चौदा दिवसांच्या मुदतीतल्या तेराव्या दिवशी गृहस्थांच्या नात्यातील एकांनी पत्र पाठवले की २०१० साली आपण या घरासाठी तीन लाख रुपये उसने दिले होते. उसने पैसे देणाऱ्याला केवळ तेवढ्यावरून घरात हक्क मिळत नाही, हे वकीलबाईंनी त्याच दिवशी सांगितले. तरीही त्यांच्याकडून हरकत मागे घेतल्याचे लेखी पत्र येईपर्यंत त्यांनी आम्हाला पुढे जाऊ दिले नाही, आणि त्यात वीस दिवस गेले.

तोडगा निघाला तो कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकांसमोर. तेथे काय बोलणे झाले हे आम्हाला कळण्याचे कारण नव्हते. आम्हाला कळला तो त्यातून आलेला कागद: विक्रीची किंमत दोघांत निम्मी निम्मी, कर्जाची बाकी दोघांच्या हिश्श्यांतून सारखी, आणि याखेरीज गृहस्थांनी आपल्या वाट्यातून बाईंना सहा लाख रुपये द्यायचे. हे सहा लाख आम्हीच बाईंच्या धनादेशात वाढवून द्यावेत, म्हणजे एक काम कमी होईल, असे गृहस्थांच्या वकिलांनी सुचवले. वकीलबाईंनी साफ नकार दिला. साठेखतात प्रत्येकी ४७ लाख लिहायचे आणि तेवढेच द्यायचे. त्यांचा आपसांतला हिशेब त्यांनी आपल्या खात्यांतून करावा, तो आमच्या दस्तातून फिरला तर उद्या करखाते आणि न्यायालय दोघेही आम्हाला त्याचा जाब विचारतील. संमती अटींमध्ये सदनिकेचे वर्णन, किंमत, खरेदीदार म्हणून माझे नाव, ताब्याची तारीख आणि मनाईचा अर्ज मागे घेतल्याची नोंद, या साऱ्या गोष्टी वकीलबाईंनी आग्रहाने घालून घेतल्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मधील सहा महिन्यांची मुदत जूनमध्ये पुरी झाली. १७ जूनला दहावीचा निकाल लागला आणि जूनअखेर न्यायालयाचा आदेश झाला. त्याची प्रमाणित नक्कल हाती आली तेव्हा साठेखताचा मसुदा तयारच होता.

करकपातीवरून एक लहानसा वाद झाला, तो सांगून टाकते. प्रत्येकाचा हिस्सा पन्नास लाखांच्या आत असल्यामुळे एक टक्का कपात लागू नाही, असे गृहस्थांचे म्हणणे होते. आमच्या सनदी लेखापालांनी एकूण मोबदला धरून कपात करायला सांगितले आणि आम्ही दोघांच्या नावे दोन स्वतंत्र अर्जांनी प्रत्येकी ४७ हजार भरले. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यातच अशी स्पष्ट तरतूद झाली की विक्रेते किंवा खरेदीदार अनेक असले तरी एकूण रकमेवरूनच मर्यादा पाहायची. २०२२ मध्ये मात्र केवळ सावधगिरी म्हणून केलेली ही गोष्ट गृहस्थांना अपमानासारखी वाटली होती.

नोंदणीच्या दिवशी दोघांनाही एकमेकांसमोर यायचे नव्हते. हे अशक्य असेल असे मला वाटत होते, पण नोंदणी कायद्याच्या कलम ३४ मध्येच म्हटले आहे की दस्त करून देणाऱ्यांनी एकाच वेळी किंवा वेगवेगळ्या वेळी हजर राहिले तरी चालते. सहीच्या तारखेपासून चार महिन्यांची मुदत तेवढी सांभाळावी लागते. आषाढी एकादशीनंतरच्या मंगळवारी, भर पावसात, बाई दुय्यम निबंधक कार्यालयात आल्या. छायाचित्र, अंगठ्याचा ठसा, दोन ओळखदार, कबुली, सारे अर्ध्या तासात झाले. त्यांच्या नावाचा धनाकर्ष वकीलबाईंच्या फाइलमध्ये होता आणि गृहस्थांची कबुली होईपर्यंत तो तेथेच राहणार होता, हे बाईंना आधी लिहून दिलेले होते. गृहस्थ गुरुवारी येणार होते. ते आले नाहीत.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे दिवस गेले. मुद्रांक शुल्क भरून झालेले, एक सही झालेली, दुसरी नाही. फोन वाजत राही आणि कोणी उचलत नसे. त्या चार दिवसांत मला नीट झोप लागली नाही. सोमवारी रात्री त्यांचा स्वतःहून फोन आला. ते बराच वेळ पावसाबद्दल आणि रस्त्यावरच्या पाण्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "त्या यादीत झोपाळा आहे, तो काढता येईल का?"

या झोपाळ्याची हकीकत अशी. तो बाईंच्या वडिलांनी करून दिला होता आणि बाईंना तो नेण्याची इच्छा होती. एप्रिलमध्ये गृहस्थांनी वकिलामार्फत कळवले होते की झोपाळा छताला जोडलेला आहे, तो घराचाच भाग आहे, आणि किंमत त्यासह ठरली आहे. बाईंनी त्यावर वाद घातला नाही. म्हणून साठेखताच्या परिशिष्टात, घरासोबत राहणाऱ्या वस्तूंच्या यादीत, पंख्यांच्या आणि पाणी तापवण्याच्या बंबाच्या खाली "गॅलरीतील लाकडी झोपाळा, पितळी कड्यांसह" अशी ओळ होती. ती ओळ त्यांनीच घालायला लावली होती. "मुलीला तो हवाय," ते म्हणाले, "आणि माझ्यामुळे राहिला, असं तिला कळलंय."

बाईंची सही झालेल्या दस्तात आता बदल करायचा तर त्यांना पुन्हा बोलवावे लागले असते. वकीलबाईंनी सोपी वाट काढली. आम्ही खरेदीदार या नात्याने वेगळ्या कागदावर लिहून दिले की यादीतील झोपाळ्यावर आमचा हक्क नाही आणि ताबा देण्यापूर्वी तो मालकांनी काढून न्यावा. त्या पत्राची एक प्रत आम्ही दोघांना, आमच्या नियमाप्रमाणे, एकाच वेळी पाठवली. मंगळवारी सकाळी साडेदहाला गृहस्थ कार्यालयाच्या पायऱ्यांवर आमच्याही आधी येऊन थांबले होते.

गृहनिर्माण संस्थेचा भाग थोडक्यात सांगते. देखभालीची ३८ हजारांची थकबाकी कोणी भरायची यावर दोघांचे एकमत होईना, तेव्हा ती त्यांच्या रकमांमधून निम्मी निम्मी वळती करून आम्ही संस्थेला परस्पर भरली, आणि तसे लेखी मान्य करून घेतले. हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे सदनिका नव्या मालकाच्या नावे करताना संस्था घेते ती रक्कम, महापालिका क्षेत्रात २५ हजारांपेक्षा अधिक घेता येत नाही. समितीने विकास निधी म्हणून आणखी काही मागितले, पण वकीलबाईंनी शासन निर्णयाची प्रत दिल्यावर तो विषय संपला.

खरा वेळ गेला तो जुन्या कर्जाच्या कागदांत. कर्ज दोघांच्या नावे होते, त्यामुळे बाकी किती याचे पत्र, तारणमुक्तीचा अर्ज आणि मूळ कागदांची यादी, अशा प्रत्येक कागदावर पुन्हा दोन सह्या लागल्या. २१ लाख ४० हजारांची बाकी आमच्या बँकेने थेट त्यांच्या बँकेला दिली आणि उरलेली रक्कम दोघांना सारखी दिली. ताबा ऑगस्टअखेर मिळाला. बाईंनी घर धुऊन पुसून दिले होते. गॅलरीच्या छतात चार आकडे तेवढे राहिले होते आणि त्यांच्याभोवती तेलाचे डाग होते.

मूळ कागद मात्र अजून त्या बँकेच्या तिजोरीत होते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावेत आणि उशीर झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश सप्टेंबर २०२३ मध्ये आला. आमच्या वेळी तो नव्हता आणि आम्हाला सात आठवडे लागले. शिवाय कागद दोन्ही कर्जदारांच्या समक्षच मिळतील, असे त्या शाखेने सांगितले. आमच्या वकीलबाईंनी वेगवेगळ्या वेळांची विनंती केली, पण लोखंडी कपाट एकदाच उघडणार होते.

म्हणून ऑक्टोबरमधील एका सकाळी आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसलो: ते दोघे, आम्ही दोघे आणि आमच्या बँकेचा प्रतिनिधी. अधिकाऱ्याने फाइल उघडली आणि यादीतील एकेक कागद वाचून पुढे ठेवायला सुरुवात केली. चौदा कागद होते. नवव्या क्रमांकावर २०१० चे मूळ साठेखत होते. गृहस्थांनी पाने मोजायची म्हणून ते उलटले आणि शेवटच्या पानावर थांबले. तेथे दोघांची छायाचित्रे होती, तीच निबंधक कार्यालयातील, मागे पांढरी भिंत असलेली, आणि प्रत्येकाच्या शेजारी अंगठ्याचा ठसा. बाईंचा चेहरा त्यात किंचित हसरा होता. त्यांनी ते पान तसेच उघडे ठेवून फाइल बाईंच्या बाजूला वळवली. बाईंनी पाहिले. "बेचाळीस पानं आहेत ना?" त्यांनी विचारले. "बेचाळीस," ते म्हणाले. जानेवारीपासून त्यांना एकमेकांशी थेट बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

बाईंनी फाइल मिटून प्रतिनिधीकडे सरकवली. यादीच्या खाली दोघांनी सह्या केल्या, आधी त्यांनी, मग त्याच पेनाने बाईंनी, आणि अधिकारी दहाव्या क्रमांकाचा कागद वाचू लागला.